हळूहळू हवा सोडणारा टायर : गळती शोधण्याची आणि बंद करण्याची रीत

चारपैकी तीन चाके महिनाभर हवा धरून राहतात आणि एकच चाक दर आठ-दहा दिवसांनी दबलेले दिसते, हा अनुभव बहुतेक गाडीवाल्यांना कधी ना कधी येतो. अशा वेळी पेट्रोल पंपावर हवा भरून घेतली जाते, गाडी पुन्हा नीट चालू लागते आणि विषय तेवढ्यापुरता मिटतो. मोठे पंक्चर झाले तर गाडी जागीच थांबवावी लागते आणि दुरुस्ती त्याच दिवशी होते. बारीक गळती मात्र कोणतेही काम अडवत नाही, म्हणून ती अनेकदा महिनोन्‌महिने तशीच राहते. पुन्हा पुन्हा हवा भरणे ही दुरुस्ती नव्हे, आणि गळतीची नेमकी जागा बहुतेक वेळा घरच्या अंगणात, फारसा खर्च न करता शोधता येते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. येथील विवेचन मुख्यतः ट्यूबलेस टायर असलेल्या मोटारींना लागू आहे. दुचाकींविषयी शेवटी स्वतंत्रपणे लिहिले आहे.

गाडीचे वजन एकटे रबर पेलत नाही. ते मुख्यतः टायरमधील दाबाखालची हवा पेलते. ही हवा कमी झाली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, नेहमीपेक्षा जास्त वाकते आणि पुन्हा सरळ होते. छोट्या मोटारीचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे पंधरा फेऱ्या घेते. म्हणजे तासाभरात हे वाकणे पन्नास हजारांहून अधिक वेळा घडते आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता रबरात साठत जाते. या उष्णतेने रबर आणि त्यातील धाग्यांचे व तारांचे थर यांची एकमेकांवरील पकड सैल होते, आणि ती पुरेशी सैल झाली की टायर धावता धावता फुटतो. शहरात ताशी तीस-चाळीसच्या वेगाने, थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत कमी हवेचा टायर बराच काळ निभावून जातो. तोच टायर समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर आला, जेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे आणि मध्ये ना चौक लागतो ना सिग्नल, की त्याला थंड होण्याची संधीच मिळत नाही. पावसाळ्यात आणखी एक धोका वाढतो : हवा कमी असलेला टायर रस्त्यावरचे पाणी नीट बाजूला सारू शकत नाही, आणि वेगात गाडी पाण्यावरून घसरण्याची शक्यता वाढते. टायरच्या दोन्ही कडा आधी झिजणे, गाडी एका बाजूला ओढणे आणि इंधन जास्त लागणे हे तोटे त्यामानाने सौम्य म्हणावे लागतील.

आधी मोजमाप

गळती आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. आजचे रेडियल टायर पूर्ण हवेतही तळाशी थोडे फुगलेले दिसतात, आणि पाच-सहा पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा कमी झालेला टायर पाहून ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. म्हणून हवेचा दाब मोजणारा एक साधा गेज स्वतःजवळ असावा. पेट्रोल पंपावरील यंत्रे एकमेकांशी जुळतातच असे नाही; आज एका पंपावर ३३ दाखवलेला दाब उद्या दुसऱ्या पंपावर ३१ दिसला, तर हवा खरोखर गेली की यंत्रांत फरक आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. स्वतःचा गेज एखाद्या पीएसआयने चुकीचा असला तरी तो दरवेळी सारखाच चुकेल, आणि गळती शोधताना आपल्याला दोन मापनांमधला फरकच महत्त्वाचा असतो.

दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी; सर्वांत सोयीची वेळ म्हणजे सकाळी गाडी काढण्यापूर्वीची. प्रवासानंतर टायर तापलेला असताना दाब तीन ते पाच पीएसआय वाढलेला दिसतो, आणि तो जास्त वाटला म्हणून हवा सोडून दिली, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. दाब किती असावा हे गाडीच्या उत्पादकाने ठरवलेले असते. तो आकडा चालकाच्या दरवाजाजवळील खांबावर, इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांसाठी तसेच कमी-जास्त भारासाठी तो वेगवेगळा असू शकतो. टायरच्या बाजूवर उमटवलेला दाबाचा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण हा गैरसमज सर्वत्र आढळतो.

आता एका वहीत किंवा मोबाईलमध्ये चारही चाकांचे आणि स्टेपनीचे आकडे लिहावेत, सर्व चाकांत ठरलेली हवा भरावी आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांच्या अंतराने आठवडाभर तीच नोंद करावी. निर्दोष टायरमधूनही रबराच्या अतिसूक्ष्म छिद्रांवाटे महिन्याला एक ते दोन पीएसआय हवा जातेच. ती गळती धरू नये. शिवाय हवामानाचाही परिणाम होतो. तापमान १० अंश सेल्सियसने उतरले की मोटारीच्या टायरमधील दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये विदर्भात किंवा नाशिककडे थंडी पडल्यावर पहाटे चारही चाके एकदम दोन पीएसआयने उतरलेली दिसली, तर तो ऋतूचा परिणाम असतो आणि हवा भरून घेतली की काम संपते. खरी खूण आहे ती चाकाचाकांतील फरकाची. तीन चाके ३३ वरच आहेत आणि डावे मागचे चाक आठवड्यात ३३ वरून २९ वर आले आहे, असे दिसले की त्या चाकात गळती आहे असे निःशंकपणे समजावे.

नोंदीवरून गळतीचा वेगही कळतो आणि पुढचा निर्णय त्यावर घेता येतो. आठवड्याला दोन-तीन पीएसआय जात असतील, तर शहरातला रोजचा वापर चालू ठेवून चार-सहा दिवसांत दुरुस्ती करून घेणे पुरेसे आहे. दिवसाला तीन पीएसआय किंवा त्याहून अधिक जात असतील, तर ती गाडी घाटात किंवा द्रुतगती मार्गावर नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गळतीचा वेग एकाएकी वाढला, तर खिळा हलला आहे किंवा भेग रुंदावली आहे असे धरून चाक त्याच दिवशी उतरवावे.

पंपावर हवा भरून घेताना एक सवय लावून घ्यावी. भरणाऱ्या व्यक्तीला आधी सध्याचा दाब सांगायला सांगावे आणि मगच हवा भरू द्यावी. बहुतेक ठिकाणी नळी लावली जाते, यंत्राचा आवाज होतो आणि नळी काढली जाते. भरण्यापूर्वी टायरमध्ये किती हवा होती हा सर्वांत उपयुक्त आकडा कोणी पाहतही नाही. पंपावर हवा मोफत देणे बंधनकारक आहे, त्यामुळे असे विचारताना संकोच करण्याचे कारण नाही.

ज्या गाड्यांत टायरचा दाब सांगणारी टीपीएमएस यंत्रणा आहे, त्यांच्या मालकांनीही वही बंद करू नये. अमेरिकेतील नियमानुसार ही यंत्रणा दाब ठरलेल्या पातळीपेक्षा २५ टक्क्यांनी उतरल्यावर इशारा देते. ३३ पीएसआयच्या टायरला हा हिशेब लावला तर दिवा लागेपर्यंत दाब २५ च्या आसपास आलेला असतो, आणि मंद गळतीत तेवढे उतरायला कित्येक आठवडे जातात. चाकात सेन्सर नसलेली, एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, साहाय्याने चाकांच्या फिरण्याच्या गतीतील फरक पाहणारी जी स्वस्त यंत्रणा काही गाड्यांत असते, तिला चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर सहसा काहीच कळत नाही. पडद्यावर प्रत्येक चाकाचा आकडा दिसत असेल, तर मात्र तो रोज सकाळी पाहावा. गेजचे निम्मे काम तेथेच होते.

साबणाच्या पाण्याने शोध

गळतीची जागा शोधण्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक घरात असते. एक लिटर पाण्यात भांडी घासण्याचे दोन-तीन चमचे लिक्विड घालून ते हलक्या हाताने ढवळावे आणि फवारणीच्या बाटलीत भरावे. जोराने ढवळू नये, कारण आपल्याला आधीच आलेला फेस नको असतो. गळतीमुळे नव्याने उठणारा फेस पाहायचा असतो. गाडी सपाट जागी सावलीत उभी करावी, हँडब्रेक ओढावा, आणि संशयित टायरमध्ये ठरलेल्या दाबापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त हवा भरावी, मात्र टायरवरील कमाल मर्यादा ओलांडू नये. दाब जास्त असला की बारीक गळती लवकर उघडी पडते. तपासून झाल्यावर जादा हवा आठवणीने सोडून द्यावी.

सुरुवात व्हॉल्व्हपासून करावी. पंक्चरच्या दुकानात खिळा शोधण्यासाठी सगळा टायर फिरवला जातो आणि व्हॉल्व्हकडे शेवटी लक्ष जाते. वास्तविक व्हॉल्व्ह तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही. टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकावा. तो थेंब फुगून बुडबुडा झाला, तर आतली पिन हवा सोडते आहे. पिन फिरवण्याचा छोटा पाना सुट्या भागांच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळतो. त्याने पिन हलकेच आवळून पाहावी. जोर लावू नये, कारण पिनेला अगदी थोडा पीळ पुरतो आणि जास्त पिळल्यास तिचे रबर कापले जाते. आवळूनही बुडबुडा येत राहिला, तर पिन बदलावी. पिन काढताच टायरमधील सर्व हवा वेगाने बाहेर पडते आणि पिन उडून डोळ्याला लागू शकते, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा. त्याआधी गाडी जॅकवर घेऊन त्या चाकावरील भार काढलेला असावा, नाहीतर हवा गेलेल्या टायरवर गाडीचे वजन येऊन त्याची कडा रिमवरून सुटू शकते. टोपण ही शोभेची वस्तू नव्हे. पावसाळ्यातील चिखल आणि धूळ पिनेपर्यंत जाऊ न देणे हे त्याचे काम आहे, आणि आत रबरी वायसर असलेले टोपण थोडीफार हवाही अडवते. हरवलेले टोपण त्याच दिवशी बसवावे.

त्यानंतर व्हॉल्व्हच्या बुडाकडे वळावे. रिममध्ये बसवलेला रबरी व्हॉल्व्ह ऊन आणि उष्णतेने कडक होतो आणि त्याच्या मुळाशी भेगा पडतात. या भेगा व्हॉल्व्ह सरळ असताना मिटलेल्या असतात, म्हणून फवारा मारत तो बोटाने चारही दिशांना वाकवून पाहावा. एखाद्या दिशेला वाकवताच बुडबुडे आले, तर दोष सापडला. वेगाने फिरणाऱ्या चाकात व्हॉल्व्ह बाहेरच्या दिशेला ओढला जातो आणि भेग उघडते. उभ्या गाडीत काहीच न गळणारा आणि प्रवासातच हवा सोडणारा टायर अनेकदा याच कारणाने मालकाला चकवतो. असा व्हॉल्व्ह बदलावाच लागतो, आणि त्यासाठी टायरची एक कडा रिमवरून उतरवावी लागते. नवा टायर बसवताना रबरी व्हॉल्व्हही नवाच घालावा. टीपीएमएस सेन्सर जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घालू नये, कारण दोन धातूंच्या संपर्काने गंज चढून ती आतच अडकून बसते. तेथे निकेलचा मुलामा दिलेली पिनच वापरावी.

व्हॉल्व्ह निर्दोष निघाला, तर टायरचा जमिनीवर टेकणारा नक्षीचा भाग पाहावा. उजेडात नक्षीची प्रत्येक खाच तपासावी, मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे घेऊन खाली दबलेला भाग पाहावा. पुढच्या चाकांची आतली बाजू स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चांगली दिसते. खिळ्याचे किंवा स्क्रूचे डोके रस्त्यावर घासून चकाकते, त्यामुळे ते सहसा नजरेत भरते; तुटलेली तार किंवा डोके नसलेली चूक, म्हणजे बारीक खिळा, मात्र रबरात रुतून बसते आणि तिच्या जागी फक्त काळा ठिपका दिसतो. जेथे संशय येईल तेथे फवारा मारून थांबावे. अगदी मंद गळतीत बुडबुडा लगेच उठत नाही. पाच-दहा मिनिटांनी तेथे पांढऱ्या फेसाचा लहानसा पुंजका जमतो. जागा सापडली की खडूने खूण करावी, पण खिळा ओढून काढू नये. तो खिळाच ते छिद्र अडवून ठेवत असतो, आणि काढल्यावर काही मिनिटांत टायर बसला तर दुकानापर्यंत जाणेही मुश्कील होते. पूर्वी काढलेल्या पंक्चरांच्या जागाही याच वेळी तपासाव्यात. छिद्र बुजवायला घातलेली जुनी रबरी स्ट्रिप आकसली किंवा सरकली की तिच्या बाजूने हवा झिरपते.

राहिली ती सर्वांत दुर्लक्षित जागा, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कडा, जिला कारागीर बीड म्हणतात. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवून धरण्याचे काम ही कडा आणि रिमचा काठ मिळून करतात, आणि या दोहोंच्या मध्ये गंज, माती किंवा निघालेल्या रंगाचा पापुद्रा आला की हवेला वाट मिळते. लोखंडी रिम गंजते हे सर्वांना ठाऊक आहे. अलॉय रिमही रंगाखाली पांढरट भुकटीसारखी झिजते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यासारख्या किनारी भागात, जेथे हवेत खार असतो आणि चार महिने सतत पाऊस असतो, तेथे पाच-सहा वर्षे वापरलेल्या गाडीचा टायर नक्षीत एकही खिळा नसताना हवा सोडू लागला, तर पहिला संशय बीडवरच घ्यावा. टायर आणि रिम यांच्या सांध्यावर गोलाकार फवारा मारावा आणि सावकाश पाहावे. बाहेरच्या बाजूला काही दिसले नाही, तर चाक काढून आतली बाजू तपासण्याखेरीज गत्यंतर नाही.

खड्ड्यात चाक जोरात आदळल्यानंतर काही दिवसांनी हवा कमी होऊ लागली असेल, तर रिमचा काठ वाकल्याची शक्यता मोठी असते. हा वाक बहुधा आतल्या काठावर असतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला चाक ठणठणीत वाटते. ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर या संशयाला बळकटी मिळते. वाकलेली लोखंडी रिम चांगला कारागीर सरळ करून देतो. अलॉय रिमला केसासारखी तडा गेली असेल, तर मात्र ती वेल्डिंग करून वापरण्याचा मोह टाळावा आणि रिम बदलावी.

घरी काहीच सापडले नाही, तर चाक उतरवून पंक्चरच्या दुकानातील पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवून घ्यावे. येथे घाई करणाऱ्या कारागिराला नम्रपणे थांबवावे लागते. चाक पाण्यात घातल्यावर पहिला मिनिटभर खाचांत अडकलेली हवाच वर येत असते. ती निघून गेल्यानंतर पाणी शांत होऊ द्यावे आणि दोन्ही बाजू व व्हॉल्व्ह असे सर्व भाग प्रत्येकी दोन-तीन मिनिटे पाहावेत. एकाच जागेवरून ठरावीक अंतराने एकेक बुडबुडा सुटत असेल, तर तीच गळती होय.

दुरुस्ती कशी करून घ्यावी

नक्षीच्या मधल्या भागातील, ६ मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाचे छिद्र दुरुस्त करता येते. साइडवॉलला किंवा नक्षी आणि साइडवॉल यांच्या मधल्या खांद्याला छिद्र पडले असेल, तर ते बुजवून घेऊ नये. हा भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो, तेथे तारांचे जाड पट्टे नसतात आणि कोणतीही दुरुस्ती तेथे भरवशाने टिकत नाही. कारागिराने हमी दिली तरी अशा वेळी टायर बदलावा. बाजूवर फुगा आलेला असेल, तर आतले धागे तुटलेले असतात आणि तो टायर गळत नसला तरी बाद समजावा.

आपल्याकडे सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे टायर न उतरवता बाहेरून रबरी दोरी, म्हणजे स्ट्रिप घालणे. ती झटपट होते, स्वस्त पडते आणि पुष्कळदा दीर्घकाळ टिकतेही. तिची उणीव अशी की टायर आतून कोणीच पाहत नाही. कमी हवेवर बरेच अंतर चाललेल्या टायरची आतली बाजू घासून काळी भुकटी झालेली असते किंवा तेथे गोलाकार वळ उठलेले असतात. असा टायर बाहेरून नवा दिसला तरी कधीही फुटू शकतो, आणि बाहेरून स्ट्रिप घालणाऱ्याला हे कळायला मार्गच नसतो. म्हणून स्ट्रिपकडे मी रस्त्यातली सोय म्हणून पाहतो, आणि ज्या गाडीने नियमित लांबचा प्रवास होतो तिच्यासाठी मशरूम पॅचचा आग्रह धरतो. या पद्धतीत टायर रिमवरून उतरवतात, आतली बाजू तपासतात, छिद्राभोवतीचा भाग घासून सोल्यूशन लावतात आणि छत्रीच्या आकाराचा तुकडा आतून बसवतात. त्याचा दांडा छिद्र भरतो आणि पसरट भाग आतले अस्तर सांधतो. यानंतर चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. दोन दुरुस्त्या एकमेकांना चिकटून येत असतील, तर त्या टायरवर आणखी पैसे घालू नयेत.

बीडमधून गळती असेल, तर टायर उतरवून रिमचा काठ तारेच्या ब्रशने व बारीक पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करून घ्यावा, टायरची कडा पुसावी आणि बीड सीलर लावून टायर पुन्हा चढवावा. केवळ जास्त हवा भरून किंवा कडेला ग्रीस लावून ही गळती थांबवण्याचे प्रकार होतात, ते मान्य करू नयेत. ग्रीसने रबर बिघडते आणि टायर रिमवर सरकण्याचा धोका निर्माण होतो.

गळती सापडत नाही असे दिसले की काही दुकानांत ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला ऐकू नये. ट्यूबलेस टायरची खरी सुरक्षितता अशी की छिद्र पडल्यावर हवा सावकाश जाते आणि चालकाला गाडी सावरून कडेला घेता येते. ट्यूब घातल्यावर ती फुटताच हवा एकदम जाते. शिवाय ट्यूब आतल्या अस्तरावर घासून तापते. टायरमध्ये ओतण्याच्या द्रव सीलंटबद्दलही सावध असावे. निर्जन रस्त्यावर अडकल्यास ते उपयोगी पडते, पण कायमचा इलाज म्हणून ते भरले, तर पुढे नीट दुरुस्ती करताना अडचण येते आणि टीपीएमएसचा सेन्सर बिघडू शकतो. नायट्रोजन भरल्याने गळती थांबत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि खिळ्याच्या छिद्रातून दोन्ही सारख्याच सहजतेने निघून जातात.

स्वतः स्ट्रिप घालण्याची वेळ आलीच, तर संच आधी जवळ उघडून ठेवावा. खिळा ज्या कोनात शिरला आहे तो लक्षात घेऊन पकडीने उपसावा, लगेच त्याच कोनात कानशीसारखी सळई घालून ती अनेकदा आत-बाहेर करून छिद्र खरखरीत करावे, सुईत ओवलेल्या स्ट्रिपला सोल्यूशन लावावे आणि तिची दोन्ही टोके बोटभर बाहेर राहतील इतकीच ती आत ढकलावी. सुई झटक्यात सरळ बाहेर ओढावी; पिळू नये. हवा भरून साबणाचे पाणी मारून पाहावे, आणि बुडबुडा नसेल तर टोके कापून टाकावीत.

दुरुस्तीनंतर पुन्हा वहीकडे यावे. पहिल्या रात्रीनंतर आणि मग आठवडाभर त्या चाकाची नोंद इतर चाकांशी ताडून पाहावी. चाक काढून बसवले असेल, तर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

प्रवासात गळती लक्षात आली तर

वाटेत हवा उतरत असल्याचे कळले, तर पूर्ण हवा भरावी, वेग ताशी साठ-सत्तरच्या वर नेऊ नये आणि दर तीस-चाळीस किलोमीटरला थांबून दाब पाहावा. सिगारेट लायटरच्या जोडणीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत असणे या वेळी फार मोलाचे ठरते. टायर एकदम बसू लागला, तर जोरात ब्रेक दाबू नये; स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून वेग आपोआप उतरू द्यावा आणि कडेला यावे. द्रुतगती मार्गावर वाहतुकीच्या बाजूचे चाक रस्त्यालगत बसून बदलण्याचे धाडस करू नये. प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे करावे, धोक्याचे दिवे लावून परावर्तक त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा आणि मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

स्टेपनीची हवा ऐनवेळी गेलेली आढळणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक प्रकार आहे, आणि तो महिन्यातून एकदा गेज लावल्याने टळतो. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान किंवा अरुंद असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, जी बहुधा ताशी ८० किलोमीटर असते, काटेकोरपणे पाळावी. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानंतर ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्ती संच असलेल्या छोट्या वाहनांना स्टेपनीशिवायही परवानगी आहे. अशी गाडी घेतली असेल, तर तो संच घरी एकदा उघडून त्याचा वापर समजून घ्यावा आणि सीलंटच्या डब्यावरील मुदतीची तारीख पाहून ठेवावी.

दुचाकीच्या टायरविषयी

ट्यूब असलेल्या दुचाकीत गळती ट्यूबमध्ये असते, त्यामुळे टायरवर फवारा मारून जागा सापडत नाही. व्हॉल्व्हची पिन तपासून झाली की ट्यूब बाहेर काढूनच पाण्यात बुडवावी लागते. तत्पूर्वी व्हॉल्व्ह रिममध्ये सरळ उभा आहे का, हे पाहावे. तो तिरका झाला असेल, तर कमी हवेवर चालवल्याने टायर रिमवर सरकला आहे आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी ताणली जात आहे. तेथे फाटलेल्या ट्यूबला ठिगळ टिकत नाही, नवी ट्यूब घालावी. छिद्र ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल, तर दोष रस्त्याचा नसून आऱ्यांचा आहे असे समजावे. आऱ्यांची टोके आणि ट्यूब यांच्यामध्ये असणारी रबरी पट्टी सरकली किंवा कुजली की टोके ट्यूबला टोचू लागतात, आणि पट्टी बदलल्याशिवाय पंक्चर काढत राहणे व्यर्थ जाते.

शेताच्या वाटेने आणि माळरानातून जाणाऱ्या दुचाकींना बाभळीच्या काट्याचा त्रास फार होतो. हा काटा टायरमधून ट्यूबपर्यंत जातो आणि त्याचे मागचे टोक नक्षीशी मोडून पडते, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. ट्यूबला ठिगळ लावून ती तशीच परत घातली, की आत राहिलेले टोक दोन-चार दिवसांत तिला पुन्हा टोचते. म्हणून ट्यूबमधील छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे हे पाहून टायरमधील तीच जागा शोधावी, टायरची आतली बाजू कापडाच्या बोळ्याने संपूर्ण पुसून घ्यावी, आणि जेथे कापड अडेल तेथून काटा पकडीने काढल्यावरच ट्यूब परत बसवावी. उघड्या बोटांनी चाचपू नये. काट्याऐवजी तेथे तुटलेली तार किंवा काच निघू शकते.